हप्त्याचा वार

सकाळी नऊशे घ्यायचे, संध्याकाळी हजार परत करायचे. मोठ्या शहरांतल्या भाजीबाजारांत हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. पहाटे टोपली घेऊन आलेल्या बाईला घाऊक व्यापारी रोख मागतो. आदल्या संध्याकाळी हातात आलेलं सगळं तिच्या घरात खर्ची पडलेलं असतं. आणि बाजाराच्या तोंडाशी एक माणूस उभा असतो. तो कागद मागत नाही, फोटो मागत नाही, जामीन मागत नाही. शंभर आधीच कापून नऊशे हातावर ठेवतो. ती मेथी, कोथिंबीर, मिरच्या उचलते, दिवसभर उन्हात बसते, अंधार पडता पडता त्याचे हजार मोजून देते आणि उरलेल्यात तेल-मीठ-डाळ घेऊन घरी जाते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चेन्नईतल्या फळविक्रेत्यांच्या अशाच, पण जरा कमी दराच्या रोजच्या कर्जाचा अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला, तेव्हा व्याज जवळजवळ पाच टक्के निघालं. वर्षाला नव्हे, दिवसाला.

हे सांगितलं की शिकलेली माणसं हटकून विचारतात, मग या बायका बँकेत का जात नाहीत? बँक दहाला उघडते. तोवर मेथी सुकायला लागलेली असते. आणि बँकेचा हप्ता येतो महिन्याच्या पाच तारखेला, एकरकमी. हिच्या घरात पैसा रोज संध्याकाळी येतो आणि रात्री चूल पेटली की संपतो. महिनाभर साठवून पाच तारखेला काढून देण्याइतकी त्याला घरात उसंतच मिळत नाही. बाजाराच्या तोंडाशी उभा असलेला माणूस संध्याकाळी येतो, नेमका तिचा बटवा भरलेला असताना. त्याचा दर जीवघेणा आहे, पण त्याची वेळ चुकत नाही.

गरिबांना दिल्या जाणाऱ्या छोट्या कर्जांवर आपल्याकडे पुष्कळ बोललं जातं. कुणी म्हणतं, बाईच्या हातात पाच-दहा हजार द्या, ती घर उभं करेल. कुणी म्हणतं, गरिबाला आणखी कर्जात ढकलण्याचा हा धंदा आहे. वाद होतात ते रकमेवर आणि व्याजावर. घरात पैसा कधी येतो आणि हप्ता कधी मागितला जातो, यावर फारसं कुणी बोलत नाही. मला मात्र वाटतं की कर्ज घराला उभं करणार की खाली ओढणार, याचा बराचसा निकाल तिथेच लागतो. सावकाराला वेळ कळते आणि बँकेला दर कळतो. या दोन्ही गोष्टी कळणारं कुणी गरीब बाईच्या वाट्याला क्वचितच येतं.

हे मला कळलं ते आईच्या वहीतून. खटाव तालुक्यातल्या आमच्या गावात आई बरीच वर्षं बचत गटाची सचिव होती. तिला हिशेब तोंडी चोख यायचा, पण लिहायचा कंटाळा, म्हणून सुट्टीत घरी असले की वही माझ्या पुढ्यात यायची. लांबट वही, तांबड्या कापडी पाठीची. नाव, बचत, कर्ज, मुद्दल, व्याज, दंड, सही किंवा अंगठा असे रकाने पट्टीनं आखलेले. महिन्यातून एकदा, जेवणं उरकली की बायका आमच्या सोप्यात जमायच्या. पत्र्याची पेटी एकीच्या घरी असायची आणि किल्ली दुसरीच्या, त्यामुळे दोघी आल्याशिवाय बैठक सुरूच व्हायची नाही. बचत आधी महिन्याला पन्नास रुपये होती, पुढे शंभर झाली. गटातल्या गटात कर्जाला शेकडा दोन व्याज. वर्षाला चोवीस टक्के झाले, म्हणजे काही स्वस्त नव्हे. पण ते व्याज पेटीतच पडायचं आणि पेटी त्यांचीच होती.

एका बैठकीत आमच्या शेजारच्या काकींनी शेळीसाठी पैसे मागितले होते. मी कर्जाच्या रकान्यात रक्कम लिहिली आणि सवयीनं हप्ता किती म्हणून विचारलं. तेवढ्यात बायकांची चर्चा सुरू झाली.

"गाभण हाय का?"

"हाय की. भादव्यात वेणार म्हणतोय त्यो."

"पाट झाली तर?"

"पाट झाली तर ठिवीन. बोकड झाला तर यात्रेला काढीन."

"मग आत्ता तिला मुद्दल लावू नगा. नुसतं व्याज घ्या. मुद्दल यात्रेला."

"आन दोन्ही पाटी झाल्या तर?"

यावर जरा शांतता झाली. मग कुणीतरी म्हणालं की काकी घेवड्याच्या काढणीला आणि नंतर ज्वारीच्या सुगीला जातातच, पाटी झाल्या तर मुद्दल सुगीच्या रोजगारातून दोन हप्त्यांत घ्यावं. ठरलं. आमच्या गावची यात्रा चैत्रात असते आणि यात्रेच्या आधी बोकडाला जो भाव येतो तो वर्षात पुन्हा येत नाही, हे त्या सोप्यातल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. पुढचा अर्ज होता पोराच्या फीसाठी. त्या घरचा माणूस वाशीच्या मार्केटात माथाडी, त्याचे पैसे महिन्याच्या सुरुवातीला येतात, म्हणून तिला दर महिन्याला सरळ हप्ता लागला. तिसरीचा नवरा पिणारा होता. तिला पैसे रात्री बैठकीत न देता दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर द्यायचे, असं ठरलं. कुणी त्याचा गाजावाजा केला नाही. पुढचं नाव घेतलं.

आई मग वहीच्या समासात पेन्सिलीनं लिहायची. यात्रेला. घेवडा निघाल्यावर. मुंबईहून आले की. आखलेल्या रकान्यांत याला जागा नव्हती, म्हणून समास.

आईच्या गटाला पुढे बँकेचं कर्ज मिळायला लागलं. नाबार्डनं, म्हणजे शेती आणि ग्रामीण विकासासाठीच्या राष्ट्रीय बँकेनं, १९९२ साली पाचशे गटांपासून सुरू केलेला प्रयोग आता देशभर पसरलाय, त्याचीच ती गावातली शाखा म्हणायची. बँक कर्ज देते ते गटाला, आणि हप्ता मागते दर महिन्याला, सारखा. आत गट मात्र आपल्या पद्धतीनं वाटायचा. कुणाचा हप्ता महिन्याचा, कुणाचा सुगीचा, कुणाचा यात्रेचा. मधल्या महिन्यांत तूट पडली की पेटीतल्या व्याजातून आणि बचतीतून बँकेचा हप्ता भरला जायचा, आणि सुगीत पेटी पुन्हा भरायची. बँकेचा महिना आणि बाईचा हंगाम यांच्या मधे गट उभा होता. बचत गटाचं खरं काम हेच आहे असं माझं मत आहे. त्यांच्या लोणच्या-पापडाचं कौतुक पुष्कळ होतं, मंत्री-आमदार स्टॉलला भेट देतात, फोटो निघतात. पण पापड विकणं हे कुणीही करू शकतं. समासातल्या त्या नोंदी मात्र बाहेरचा कुणी करू शकला नसता.

सातारा-पुणे भागातल्या माणसाला ठरल्या तारखेची भीती जुनी आहे. १८७५ च्या मे महिन्यात भीमथडी तालुक्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली, कर्जरोखे बाहेर काढले आणि जाळले. ती आग पुढे पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरली. त्यामागे मोठी कारणं होती: अमेरिकेतल्या यादवी युद्धात कापसाला आलेला भाव युद्ध संपल्यावर कोसळला, आणि नेमका त्याच सुमाराला इंग्रज सरकारनं शेतसारा वाढवला. पण त्या रोख्यांच्या मुळाशी एक साधी अडचण होती. सारा रोखीत द्यायचा, सरकारनं ठरवलेल्या दिवशी. पीक निघणार पावसानं ठरवलेल्या दिवशी, आणि विकलं जाणार बाजारानं ठरवलेल्या दिवशी. मधलं अंतर भरून काढायला एकच दार उघडं होतं. १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला, कोर्टांना कर्जाचा मूळ व्यवहार उकरून तपासण्याचा अधिकार मिळाला. सावकारीला आळा बसला थोडाफार. अंतर राहिलंच.

मुंबईच्या गिरणगावातली गोष्ट मला यातली सगळ्यात जवळची वाटते, कारण आमच्या गावचीही माणसं तिथे होती. लालबाग-परळच्या खोल्यांत एकेका गाळ्यात दहा-वीस जण राहायचे, पाळ्यांनी झोपायचे. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले गिरणीकामगार. त्यांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका चाळीतल्या आपल्याच दहा बाय दहाच्या खोलीत रोज शेकडो भाकऱ्या-चपात्या बडवायच्या. कामगार जेवणाचे पैसे देणार पगार झाल्यावर, महिन्यानं. बाईला ज्वारी-तांदूळ-तेल लागणार आज. म्हणून वाण्याकडे उधारी, आणि उधारीवर वाणी सांगेल तो भाव, वर व्याज. महिनाभर राबून पगाराच्या दिवशी आलेले पैसे वाण्याकडे जायचे आणि दुसऱ्या दिवसापासून खातं पुन्हा चढायला लागायचं. या बायकांना कुणी कामगार समजत नव्हतं, गिरणीच्या संपात मात्र त्यांची चूल सगळ्यांत आधी विझायची.

प्रेमा पुरव यांनी हे पाहिलं. गोव्याच्या मुक्तिलढ्यातून आलेली, मुंबईत कामगार चळवळीत वाढलेली बाई. १९७५ मध्ये त्यांनी मूठभर खानावळवाल्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि राष्ट्रीयीकृत बँकेकडून त्यांना छोटी कर्जं मिळवून दिली. बँकांचं राष्ट्रीयीकरण होऊन पाच-सहा वर्षं झाली होती, गरिबांसाठी चार टक्के व्याजाची योजनाही कागदावर होती, पण तारण नसलेल्या, सही न येणाऱ्या बाईसाठी बँकेचं दार उघडायला कुणीतरी सोबत जावं लागतं. कर्ज मिळाल्यावर बाईच्या हाती महिन्याच्या सुरुवातीलाच रोकड आली. धान्य घाऊक दुकानातून, रोखीनं, स्वस्तात. आणि परतफेड कामगारांच्या पगारावर, म्हणजे पैसा जेव्हा खरोखर हाती येतो तेव्हा. काम तेच, चूल तीच, गिऱ्हाईक तेच. मधलं एका महिन्याचं अंतर कर्जानं भरून निघालं आणि वाण्याच्या खात्यात जाणारी तिची मेहनत तिच्या घरात राहिली.

पण याच गोष्टीचा पुढचा भागही सांगायला हवा. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला. कामगार गावी परतले. जेवायला माणूसच नाही म्हटल्यावर खानावळ कशी चालणार? तिथे कितीही सोयीचा हप्ता बाईला तारू शकत नव्हता. गिऱ्हाईक असेल तर कर्ज उपयोगाचं, नसेल तर तेच कर्ज गळ्याशी येतं. अन्नपूर्णाला पुढे खानावळींच्या पलीकडचं काम शोधावं लागलं, डबे, कँटीन, मोठ्या मागण्या. सूक्ष्मकर्जानं गरिबी हटते असं म्हणणाऱ्यांनी गिरणगावाकडे जरूर पाहावं.

जगभर हा विषय पोचला तो बांगलादेशातून. चितगाव विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवणारे मुहम्मद युनूस १९७६ च्या सुमाराला शेजारच्या जोबरा गावात फिरत होते. तिथे एक बाई बांबूचे मोडे, म्हणजे बसायची स्टुलं, विणत होती. बांबूला पाच टका (टका हे तिथलं चलन) लागायचे, ते ती व्यापाऱ्याकडून घ्यायची आणि बदल्यात तयार मोडा त्यालाच, तो म्हणेल त्या भावाला द्यायची. दिवसाची मिळकत आठ आणे. अशी किती माणसं आहेत म्हणून गावात यादी केली तर बेचाळीस निघाली, आणि सगळ्यांची मिळून गरज होती ८५६ टका. युनूस यांनी ते खिशातून दिले. १९८३ मध्ये ग्रामीण बँक झाली, २००६ मध्ये बँकेला आणि युनूस यांना शांततेचं नोबेल मिळालं. पाच टक्यांवाचून अडलेलं एक माणूस पाहणं आणि त्यातून अख्खी बँक उभी करणं, याबद्दल माझ्या मनात आदर आहे आणि राहील.

या बँकेनं हप्ता आठवड्याचा ठेवला. कर्ज घेतलं की लगेच परतफेड सुरू. रक्कम लहान, त्यामुळे डोईजड वाटत नाही, शिस्त राहते, आणि देणाऱ्याला पहिल्याच महिन्यात कळतं की कोण डळमळतंय. मोडे विणणाऱ्या बाईला हे जमून जातं, तिचा पैसा रोज येतो. भाजीवालीला जमतं. आमच्या काकींना नसतं जमलं. शेळी पहिल्या आठवड्यात काहीच देत नाही. मग हप्ता जाणार कुठून? भांगलणीच्या रोजगारातून, म्हणजे ज्या पैशाची ज्वारी यायची त्यातून. भारतातल्या फायनान्सवाल्यांनी तोच आठवड्याचा नमुना उचलला आणि गावोगाव नेला, शेळीवाली, शिलाईवाली, दूधवाली, शेतमजूर, सगळ्यांना एकाच मापाचा.

कोलकात्यात काही संशोधकांनी एका कर्जसंस्थेसोबत हे तपासून पाहिलं. नेहमी पहिला हप्ता दोन आठवड्यांनी सुरू व्हायचा. काही गटांना त्याऐवजी दोन महिने मोकळे दिले. तीनेक वर्षांनी पाहिलं तर मोकळीक मिळालेल्या बायकांनी धंद्यात जास्त पैसे घातले होते आणि त्यांचा नफाही वाढलेला होता. थकबाकीही वाढली होती, हे लपवण्यात अर्थ नाही. ज्यांनी धाडस केलं त्यांतल्या काहींचं बसलं, काहींचं फसलं. कर्जसंस्थेला यातला दुसरा भाग नको असतो, म्हणून ती पहिलाही देत नाही. मी तिच्या जागी असते तर थोडी थकबाकी सोसली असती, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. ज्या पैशातून धंदा वाढायला जागाच नाही, त्याला धंद्याचं कर्ज कशाला म्हणायचं?

हैदराबादच्या वस्त्यांतला अभ्यास तर फार गाजला. एकशे चार वस्त्या, त्यांतल्या निम्म्यांत कर्जसंस्थेनं आधी काम सुरू केलं, निम्म्यांत नंतर. दीड वर्षानं पाहिलं. आधीपासून धंदा असलेल्यांचा धंदा थोडा वाढला, घरात टिकाऊ वस्तू आल्या, चहा-पान-तंबाखूवरचा खर्च घटला. एकूण घरखर्च वाढला नाही, पोरांच्या शिक्षणात, बाईच्या घरातल्या अधिकारात ठळक फरक दिसला नाही. मेक्सिको, मंगोलिया, मोरोक्को, इथिओपिया, बोस्निया इथलेही निष्कर्ष साधारण याच धर्तीचे आले. काही जण यावरून छोटी कर्जं निरुपयोगी असं म्हणतात. मला ते पटत नाही. एखाद्या घरी शिलाई मशीन आली, त्यासाठी बाईनं तंबाखू सोडली, ही लहान गोष्ट नव्हे. पण चमत्कारही नव्हे. आणि चमत्काराच्या नावाखाली जेव्हा कर्ज खपवलं जातं तेव्हा काय होतं, ते २०१० मध्ये आंध्रानं पाहिलं. एकाच घरावर चार-चार कंपन्यांचे हप्ते, सोमवारचा हप्ता भरायला शुक्रवारचं कर्ज. गटातली एक चुकली की बाकीच्या तिच्या दारात, कारण तिचा हप्ता त्यांनी भरायचा. आत्महत्यांच्या बातम्या यायला लागल्या. ऑक्टोबर २०१० मध्ये सरकारनं वटहुकूम काढला. त्यात एक कलम होतं, ज्याची चर्चा फार कमी झाली: वसुली आठवड्यानं करायची नाही, महिन्यानं करायची.

आठवडा काय किंवा महिना काय, वरून ठरवून दिला की पुन्हा तेच. रिझर्व्ह बँकेनं २०११ च्या नियमांत मात्र एक शहाणपणाची ओळ घातली होती: हप्ता आठवड्याचा, पंधरवड्याचा की महिन्याचा, हे कर्जदार ठरवेल. २०२२ मध्ये नवे नियम आले. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला विनातारण कर्ज, सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त नकोत, मुदतीआधी फेडलं तर दंड नाही, सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीचे फोन नाहीत. परतफेडीचा कालावधी कर्जदाराच्या गरजेनुसार ठेवण्याचं धोरण प्रत्येक संस्थेनं आखावं, हेही त्यात आहे. चांगले नियम आहेत. पण निम्मं उत्पन्न मोजायचं कोणत्या महिन्याचं? शेतमजूर बाईला भांगलणीच्या दिवसांत रोज काम असतं आणि एप्रिल-मेमध्ये आठवडेच्या आठवडे रिकामे जातात. वर्षाला बारानं भागून निघालेला महिना तिच्या घरात कधीच उगवत नाही. वसुलीवाला मात्र त्याच महिन्याच्या हिशेबानं दारात येतो, आणि बहुतेक गावांत कार्डावर हप्ता छापूनच आलेला असतो. तुला कधी जमेल म्हणून विचारणारा कुणी भेटला का, असं मी गावी गेले की बायकांना विचारते. त्या हसतात.

वेळ नेमकी साधणारा एक माणूस आपल्याकडे आहे आणि त्याच्याबद्दल लिहिल्याशिवाय हे पुरं होणार नाही. बीड जिल्ह्यात पाऊस सरता सरता मुकादम गावात येतो. घरात दाणे संपलेले, दुकानाची उधारी थकलेली, एखादं लग्न अंगावर आलेलं. तो उचल देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि कोयत्यामागे ठरलेली रक्कम. कागद नाही की खेटे नाहीत, गरज असेल त्या दिवशी पैसे हातात. फेड पैशात करायचीच नसते, ऊस तोडून करायची असते. दिवाळीच्या आगेमागे ट्रकमध्ये बसायचं, पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडावर पालं टाकायची, पाळी असो, पोट असो, ताप असो, मोळी डोक्यावर घ्यायची. हंगाम संपला आणि उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर. आजारी पडून खाडा झाला तर दंड तोही उचलीत. वेळेच्या बाबतीत याहून सोयीचं कर्ज सापडणार नाही, आणि बाईच्या अंगावर याहून जड कर्जही नाही. गर्भाशयं काढून घेतलेल्या ऊसतोड बायकांची बातमी २०१९ मध्ये देशभर गाजली, ती याच बीडमधली. ज्या कर्जापायी काम सोडून जायची मुभा उरत नाही, त्याला मी मदत म्हणणार नाही, मग ते बिनव्याजी असलं तरी.

वेळ आणि दर दोन्ही कळणारी माणसं नाहीतच असं नाही. आमच्या शेजारच्या माण तालुक्यात, म्हसवडला, चेतना सिन्हा आणि तिथल्या बायकांनी १९९७ मध्ये माणदेशी महिला बँक सुरू केली. तिची सुरुवात कर्जातून नव्हे, बचतीतून झाली. रस्त्याकडेला राहून लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्याआधी झोपडीवर टाकायला प्लास्टिक घ्यायचं होतं. त्यासाठी ती पैसे साठवू पाहत होती आणि तिच्या चिल्लरीचं खातं उघडायला बँका तयार नव्हत्या. बायकांनी मग आपलीच बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज फेटाळला, कारण प्रवर्तक बायका निरक्षर. त्यांनी अभ्यास केला, परत गेल्या, आणि सांगितलं की आम्हाला कोणत्याही मुदलाचं व्याज तोंडी काढायला लावा, तुमच्या अधिकाऱ्यांनाही कॅलक्युलेटरशिवाय काढायला सांगा. परवाना मिळाला. आणि बँक बायकांच्या दारी, बाजारात जायला लागली, कारण बँकेत जाऊन रांगेत उभं राहायचं म्हणजे एक दिवसाचा रोजगार बुडवायचा. माणसारख्या सतत दुष्काळाच्या तालुक्यात हे झालं, याचा मला शेजारीण म्हणून अभिमान आहे.

हे सगळं वाचताना आपण बँका, कंपन्या, सरकार यांच्याबद्दल बोलतोय असं वाटेल. पण शहरात राहणारे आपल्यातले पुष्कळ जण स्वतःच छोटी कर्जं देत असतात. घरी कामाला येणाऱ्या मावशी शाळा सुरू व्हायच्या वेळेला, गावी कुणी आजारी पडलं की, पत्रा गळायला लागला की पैसे मागतात, आपण देतो आणि म्हणतो, पगारातून कापून घेऊ. किती आणि कधीपासून हे आपणच ठरवून टाकतो, आणि बहुतेकदा पुढच्याच महिन्यापासून. ज्या अडचणीसाठी पैसे मागितले ती अडचण अजून पुरती निस्तरलेली नसते आणि पगार कमी व्हायला लागतो. मग ती दुसऱ्या घरी मागते. काही घरांत तर पैसे फिटेपर्यंत काम सोडता येणार नाही असं स्पष्ट सांगितलं जातं. मुकादमही हेच सांगतो.

आमच्याकडे येणाऱ्या ताईंना गेल्या जुलैमध्ये मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी बारा हजार हवे होते. स्वयंपाकघरातलं कॅलेंडर खाली काढून आम्ही दोघी ओट्याशी उभ्या राहिलो. ऑगस्ट नको, म्हणाल्या, पुस्तकं आणि गणवेश. सप्टेंबरही नको, गौरी-गणपती. ऑक्टोबरात दीड हजार चालतील. नोव्हेंबरात तीन हजार घ्या ताई, दिवाळीला तीन घरचा बोनस येतो, तो घरात राहिला तर राहत नाही. डिसेंबरपासून पुन्हा दीड-दीड. मी बोटांवर मोजेपर्यंत त्यांनी सांगून टाकलं की एप्रिलात संपतंय, मे महिन्यात गावी जाताना डोक्यावर काही नको. काम सोडावंसं वाटलं तर सोडा, पैसे याच महिन्यांत सवडीनं आणून द्या, हेही मी बोलून ठेवलं. त्यांनी एकच दुरुस्ती केली. मी पगार एक तारखेला देते आणि कापूनही तेव्हाच घेणार होते. त्या म्हणाल्या, कापू नका, पूर्ण द्या, मी सात तारखेला आणून देत जाईन. एक तारखेला खोलीचं भाडं जातं आणि बाकीच्या दोन घरचे पगार पाचला होतात.